ट्रॅक्टर कुठलाही, नांगर कुठलाही. मग जोडतो कसा?

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत गावोगाव एक गोष्ट रोज घडते आणि तिचे कुणालाच नवल वाटत नाही. ट्रॅक्टर एकाचा असतो, पलटी नांगर त्याच्या चुलतभावाचा असतो आणि रोटाव्हेटर गावच्या औजारे बँकेचा. ट्रॅक्टरचा कारखाना एका राज्यात, नांगर दुसऱ्या राज्यातला, रोटाव्हेटर तिसरीकडचा. तिन्ही कारखान्यांच्या मालकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरी ड्रायव्हर ट्रॅक्टर मागे घेतो, खालचे दोन हात नांगराच्या पिनांत अडकवतो, वरून टॉप लिंक बसवतो, लिंच पिन दाबतो आणि शेताकडे निघतो. पाच-दहा मिनिटांचे काम.

बैलाच्या नांगराचे असे नव्हते. जुवापासून रुमण्यापर्यंत सगळे गावच्या सुताराच्या हातचे. ज्या गावचा सुतार त्या गावचे माप. ट्रॅक्टरचे माप मात्र एका गावाने किंवा एका देशाने ठरवलेले नाही. आयर्लंडमधला एक मोटार मेकॅनिक, अमेरिकेतले मोटार इंजिनिअर, इंग्लंड-कॅनडाचे आटे कापणारे कारागीर, स्वीडनमधले तपासनीस अशी कितीतरी माणसे त्यात आहेत. ती एकमेकांशी भांडली, कोर्टात गेली आणि शेवटी एका टेबलाशी बसली. त्यांनी काय ठरवले ते आपल्याला ठाऊक असेल तर औजार घेताना पैसे वाचतात, आणि काही वेळा जीवही वाचतो. म्हणून आज थोडे त्याविषयी.

टॉप लिंक कुणी आणली?

पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टर निघाले तेव्हा त्यांचे काम बैलासारखेच होते. नांगर मागे साखळीने किंवा दांड्याने बांधायचा आणि ओढायचा. नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की मागची चाके थांबत नसत. ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि पुष्कळदा तो मागच्या मागे उलटून ड्रायव्हरच्या अंगावर पडे. फोर्डसन नावाचा हलका ट्रॅक्टर १९१७ मध्ये आला, त्याची तर यासाठी बदनामीच झाली होती.

त्याच वर्षी आयर्लंडच्या शेती खात्याने हॅरी फर्ग्युसन या बेलफास्टच्या गॅरेजवाल्याला एक काम दिले. गावोगाव हिंडायचे आणि ट्रॅक्टरने नांगरट नीट कशी होईल ते शेतकऱ्यांना दाखवायचे. म्हणजे आमच्यासारखेच विस्ताराचे काम म्हणा ना! हा शेतकऱ्याचा मुलगा. हिंडता हिंडता त्याच्या लक्षात आले की नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन यंत्रे समजणे हीच चूक आहे. जोडणी अशी पाहिजे की दोन्ही मिळून एक यंत्र होईल. त्याने आणि त्याच्या माणसांनी या एका गोष्टीमागे वर्षानुवर्षे घालवली. हायड्रोलिकने नांगराची खोली सांभाळण्याचे पेटंट १९२६ मध्ये मिळाले आणि ही जोडणी असलेला ट्रॅक्टर १९३६ मध्ये इंग्लंडात बाजारात आला.

युक्ती काय होती ते बघा. नांगराला माती जड लागली की टॉप लिंकवर पुढच्या बाजूने दाब येतो. तो दाब स्प्रिंगमधून हायड्रोलिकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो आणि नांगर बोटभर उचलला जातो. उचलताना नांगराचे आणि त्यावरच्या मातीचे वजन मागच्या चाकांवर येते, त्यामुळे चाक घसरत नाही. आणि नांगर दगडाला अडलाच, तर तीच टॉप लिंक पुढे रेटून ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबून धरते. जो दाब आधी माणूस मारत होता तोच आता माणसाला वाचवू लागला.

इथे एक सांगून ठेवतो. आपल्या ट्रॅक्टरवर हायड्रोलिकच्या दोन लहान दांड्या असतात, एक पोझिशनची आणि एक ड्राफ्टची. मी तालुक्यात पाहतो की कितीतरी ड्रायव्हर ड्राफ्टच्या दांडीला हातच लावत नाहीत; सगळी कामे पोझिशनवर. रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, फवारणीचा पंप यांना पोझिशन बरोबर आहे. पण नांगर आणि मोगडा ड्राफ्टवर चालवायचा असतो. जमीन कुठे हलकी, कुठे भारी असेल तर फरक डिझेलच्या टाकीत दिसतो आणि टायरच्या झिजेतही. फर्ग्युसनने ज्या कामासाठी उमेदीची वर्षे घालवली ती दांडी आपण गंजवत ठेवतो.

हातमिळवणी, मग कोर्ट

पुढची हकीकत व्यवहाराला धरून आहे. १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेला गेला आणि हेन्री फोर्डला त्याने तो चालवून दाखवला. फोर्डला जोडणी इतकी आवडली की दोघांनी हातात हात देऊन सौदा केला. कागद नाही, सही नाही, वकील नाही. दुसऱ्याच वर्षी, १९३९ मध्ये फोर्डच्या कारखान्यातून फर्ग्युसनची जोडणी लावलेले ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. पण म्हाताऱ्या फोर्डनंतर नातू गादीवर आला आणि त्याने हा तोंडी करार मोडला. जोडणी मात्र तशीच ठेवली. फर्ग्युसनने २५ कोटी डॉलरच्या वरचा दावा लावला. १९५२ मध्ये तडजोड होऊन ९२ लाख ५० हजार डॉलर पदरात पडले. तोंडी व्यवहाराचे काय होते हे आपल्याकडे बांधाच्या वाटणीवरून सगळ्यांना माहीतच आहे. तिकडेही निराळे नाही.

पेटंटच्या या भांडणामुळे बाकीच्या कंपन्यांनी आपापली वेगळी जोडणी काढली. इंटरनॅशनल हार्वेस्टरची ‘फास्ट हिच’, अ‍ॅलिस चाल्मर्सची ‘स्नॅप कपलर’, केसची ‘ईगल हिच’. ज्याने ज्या कंपनीचा ट्रॅक्टर घेतला त्याला नांगरही तिचाच घ्यावा लागे. शेजाऱ्याचा नांगर उसना आणायची सोय राहिली नाही. कंपन्यांना हे गोड वाटले, शेतकऱ्याला महाग पडले.

पेटंटची मुदत संपत गेली तशी ही तटबंदी ढासळली. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे इंजिनिअर एका समितीत बसले आणि तीन ठिकाणच्या जोडणीची मापे त्यांनी ठरवून टाकली. जगभरची मापे एकसारखी करणारी ‘आयएसओ’ ही संस्था १९४७ पासून काम करते. तिच्यात रस्त्यावरच्या वाहनांची समिती २२ क्रमांकाची आणि शेती-जंगलाच्या ट्रॅक्टरची समिती २३ क्रमांकाची, अगदी शेजारी शेजारी. मागच्या जोडणीचा तिचा दस्तऐवज म्हणजे ‘आयएसओ ७३०’. आपल्या भारतीय मानक ब्युरोचा त्याच विषयावरचा दस्तऐवज ‘आयएस ४४६८’. नांगर पंजाबात बनो की कोल्हापुरात, तो तुमच्या ट्रॅक्टरला बसतो तो या कागदांमुळे.

सात सूत की नऊ सूत?

या कागदात जोडणीचे वर्ग पाडले आहेत, त्यांना ‘कॅटेगरी’ म्हणतात. आपल्या कामाच्या दोन. कॅटेगरी एकमध्ये खालच्या पिनांची जाडी २२ मिलिमीटर आणि टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटर. कॅटेगरी दोनमध्ये खालची २८ आणि वरची २५. हे आकडे असे अर्धवट का, असे तुम्ही म्हणाल. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत बोला म्हणजे उलगडा होईल. इंचाचे आठ सूत. १९ म्हणजे सहा सूत, २२ म्हणजे सात सूत, २५ म्हणजे आठ सूत आणि २८ म्हणजे नऊ सूत. माप मूळ इंचातच ठरले, नंतर त्याला मिलिमीटरचा सदरा घातला.

खालच्या दोन पिनांमधले अंतरही ठरलेले आहे. कॅटेगरी एकला ६८३ मिलिमीटर, कॅटेगरी दोनला ८२५. खालच्या पिनांपासून टॉप लिंकच्या भोकापर्यंतची उंची एकला ४६० आणि दोनला ६१०. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतले छोटे ट्रॅक्टर साधारण पहिल्या कॅटेगरीत येतात, मोठे दुसऱ्या. मधल्या ट्रॅक्टरांत दोन्हींची सोय असते.

नुकसान कुठे होते ते आता सांगतो. सात सुताची पिन असलेले औजार नऊ सुताच्या भोकाच्या हाताला तसेच लावतात. सहा मिलिमीटरचा खुळखुळा. नांगर शेतात डोलतो, तास वाकडे जाते, भोक लंबगोल होते, मग वेल्डिंग, मग पुन्हा तेच. त्यासाठी बुश मिळते, ते घाला. आणि उंची चुकली तर ते बुशनेही सुधारत नाही. औजाराचा वरचा खांब ठरल्यापेक्षा बुटका किंवा उंच झाला की टॉप लिंकची रेघ बदलते. मग नांगर नाक खुपसतो किंवा तरंगतो आणि आपण फाळाला दोष देतो.

गावाकडचे वेल्डर आणि लोहार यांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कारागिरांनी केलेले मोगडे आणि सरी-रेजर मोठ्या कंपनीच्या मालाच्या तोडीस तोड चालताना मी पाहिले आहेत. पण ज्याने मापाचा तक्ता भिंतीवर लावला आहे तो कारागीर वेगळा आणि ‘आणा ट्रॅक्टर, बघून करतो’ म्हणणारा वेगळा. एका ट्रॅक्टरला बघून केलेले औजार त्याच ट्रॅक्टरचे होते. उद्या ते भाड्याने द्यायचे म्हटले की दुसऱ्याला बसत नाही.

सेकंदाला नऊ फेरे

जोडणीनंतर पीटीओ. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा जो दांडा रोटाव्हेटर, मळणीयंत्र, ब्लोअर चालवतो तो. बाजारात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरवर तो १९१८ च्या सुमारास अमेरिकेत आला. तिथेही आधी गोंधळच. एकाचा दांडा जाड, दुसऱ्याचा बारीक, कुणाचे फेरे जास्त, कुणाचे कमी. १९२७ मध्ये तिथल्या शेती इंजिनिअरांच्या संस्थेने मानक ठरवले. मिनिटाला ५३६ फेरे, दहा इकडे-तिकडे. पुढे त्याचा पूर्ण आकडा ५४० झाला. दांडा ११ सुताचा, म्हणजे ३५ मिलिमीटर, त्यावर सहा खाचा, आणि मागून पाहिले तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा. जवळपास शंभर वर्षे झाली, माप तेच आहे. आजचे आयएसओ ५०० त्यावरच उभे आहे. मोठ्या ट्रॅक्टरांसाठी १९५८ मध्ये १००० फेऱ्यांचे मानक आले, त्याला मुद्दाम २१ बारीक खाचा दिल्या. हेतू हा की ५४० चे औजार चुकूनही १००० वर बसू नये. इंजिनिअर लोकांनी माणसाच्या चुकीचा आधीच विचार केला तो असा.

आता एक हिशोब करा. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचे टोक, पदर, सदऱ्याची सुटी बाही त्या दांड्यावर पडली तर ‘अरे!’ म्हणेपर्यंत नऊ वेढे बसलेले असतात. माणूस हात मागे घेऊच शकत नाही. म्हणून शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी असते. ती शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून तिला छोटी साखळी असते. नवीन रोटाव्हेटर घेतला की पहिल्या हंगामात ती नळी असते. दुसऱ्या हंगामात ग्रीस घालायला अडचण होते म्हणून काढून ठेवलेली असते, आणि तिसऱ्या हंगामात ती कुठे गेली कुणालाच माहीत नसते. मळणीयंत्रांच्या अपघातांवरून केंद्र सरकारने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला. कायदा आहे, पण खळ्यावर पोलीस येऊन उभा राहणार नाही. नळी आपल्यालाच शोधून बसवावी लागेल.

आणखी एक. ५४० फेरे इंजिन कितीवर असताना मिळतात ते प्रत्येक ट्रॅक्टरच्या मीटरवर खूण करून दिलेले असते. तेवढ्यावरच चालवा. पात्यांना वेग मिळावा म्हणून जास्त दाबू नका. त्यामुळे क्रॉस तुटतात आणि गिअरबॉक्स तापतो.

मिस्त्रीकडे पान्यांचे दोन संच का?

तुमच्या मिस्त्रीच्या पेटीत पाहा. एक संच सुतांचा, एक मिलिमीटरचा. त्याचे कारण आपल्या देशात ट्रॅक्टर कसे आले त्यात आहे. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, एप्रिल १९५९ मध्ये फरीदाबादेत, जर्मन कंपनीच्या सहकार्याने. मद्रासकडे मॅसी फर्ग्युसन आला, त्याचे नाव पाहिले की वरची सगळी गोष्ट आठवेल. मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला, त्याचा नकाशा इंग्लंडातल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. पिंजोरला एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाचा झेटर घेतला, एस्कॉर्टने पोलंडचा उर्सुस. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या आपल्या इंजिनिअरांनी स्वतः आखलेला स्वराज १९७४ मध्ये पंजाबात निघाला. जर्मन, चेक आणि पोलिश माल मिलिमीटरचा, इंग्रजी माल इंचाचा. म्हणून पेटीत दोन संच.

इंचाच्या मालातही पूर्वी दोन जाती होत्या. इंग्लंडच्या व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकेच्या आट्याचा ६० अंश. दिसायला सारखे, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या विमानांची इंजिने अमेरिकेत पॅकार्डच्या मोटार कारखान्यात बनवायची ठरली, तेव्हा त्या कारखान्याला आटे कापायची हत्यारेसुद्धा नव्याने घडवावी लागली. लढाईच्या धांदलीत ही कटकट! युद्ध संपल्यावर अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडाच्या इंजिनिअरांनी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या आणि तिघांनी ६० अंशांचा एकच आटा मान्य केला. मिलिमीटरच्या आट्याचा कोनही ६० अंशच. पण दोन आट्यांमधले अंतर वेगळे असते, म्हणून इंचाच्या बोल्टावर मिलिमीटरचा नट ठोकून बसवू नका. बसल्यासारखा वाटतो आणि चालू कामात सुटतो.

मोटारींच्या बाबतीत हे काम आधीच सुरू झाले होते. अमेरिकेत १९०५ मध्ये मोटार इंजिनिअरांची ‘एसएई’ ही संस्था निघाली. त्या वेळी एका वॉशरचे ८०० प्रकार कारखान्यांत होते, ते या लोकांनी १६ वर आणले. १९१६ मध्ये विमानांचे आणि ट्रॅक्टरचे इंजिनिअरही त्याच संस्थेत आले. आपल्या ओळखीची गोष्ट म्हणजे ऑइलचा डबा. त्यावर ‘एसएई २० डब्ल्यू ४०’ असे जे लिहिलेले असते ते याच संस्थेचे. एवढेच ध्यानात ठेवा की तो आकडा ऑइलच्या दाटपणाचा आहे, दर्जाचा नाही. दर्जा ‘एपीआय’ या अक्षरांपुढे लिहिलेला असतो. दुकानदार ‘हे पण वीस-चाळीसच आहे’ म्हणून स्वस्त डबा पुढे करतो तेव्हा ती दुसरी ओळ वाचा आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकाशी ताडून पाहा.

देशोदेशीच्या अशा संस्थांनी मिळून १९४८ मध्ये पॅरिसला ‘फिसिटा’ नावाचा महासंघ काढला. आपल्याकडची एसएई-इंडियाही जगाच्या या कामात आहे. तिची एक गोष्ट आपल्या जवळची आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी ती शेतीयंत्रांची एक स्पर्धा घेते, नाव ‘टिफन’. इंग्रजी अक्षरे जुळवून केलेले नाव आहे, पण कान आपल्या तिफणीकडेच जातो. कांदा काढणी, रोप लावणी ही कामे त्यांनी मुलांना दिली आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर त्यांची यंत्रे चालवून पाहिली. ज्या कामाला मजूर मिळत नाही तेच काम पोरांपुढे ठेवले, हे मला मोटारींच्या शर्यतीपेक्षा बरे वाटते.

एका फसलेल्या शेतकऱ्याचा कायदा

माप जुळले तरी माल खरा आहे कशावरून? याचे उत्तर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका शेतकऱ्याने दिले. विल्मॉट क्रोझियर त्याचे नाव. १९१६ च्या सुमारास त्याने एक ‘फोर्ड’ ट्रॅक्टर घेतला. तो हेन्री फोर्डचा नव्हताच. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस गाठून नाव वापरले होते. ट्रॅक्टर मोडला, बदलून दिलेलाही मोडला. नंतर तिसऱ्या कंपनीचा घेतला, तो तीन नांगरांचा म्हणून विकलेला, प्रत्यक्षात पाच ओढायचा. म्हणजे खरे बोलणारा कारखानाही होता, पण ओळखायचे कसे? पुढे क्रोझियर आमदार झाला आणि १९१९ मध्ये त्याने कायदा करवून घेतला. ज्या मॉडेलची विद्यापीठाने चाचणी घेतली नाही ते राज्यात विकायचे नाही, आणि सुटे भाग राज्यात ठेवले पाहिजेत. पहिली पूर्ण चाचणी १९२० मध्ये झाली.

युरोपातले देशही आपापल्या चाचण्या घेत होते. पण एका देशाचा दाखला दुसरा मानत नसे. १९५९ मध्ये त्यांनी चाचणीची एकच पद्धत ठरवली. आज ती ओईसीडीच्या ट्रॅक्टर कोड या नावाने चालते, एका देशात घेतलेली चाचणी बाकीचे सभासद देश मानतात आणि भारतही त्यात आहे. आपली चाचणी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होते. ती संस्था १९५५ ची. मोटारींसाठी पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे.

उलटलेला ट्रॅक्टर

आणि सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी राहिली. विहिरीच्या काठाशी, बांध उतरताना, उसाची भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर उलटल्याची बातमी याच पानांवर आपण वाचतो. स्वीडनमध्ये असेच होत असे. तिथल्या लोकांनी ड्रायव्हरच्या डोक्यावर मजबूत लोखंडी चौकट बसवली, ती मोडते का हे वजनदार लोलक आपटून तपासले आणि १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली. १९५७ मध्ये तिथे दर एक लाख ट्रॅक्टरमागे उलटून मरणाऱ्यांचे प्रमाण १७ होते. १९९० मध्ये ते ०.३ वर आले. बाकीच्या देशांनी हीच चाचणी उचलली, ओईसीडीच्या कोडमध्ये तिचे वेगळे भाग झाले.

त्याच वर्षी, त्याच देशात, व्होल्वो मोटार कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा पट्टा काढला. कंपनीने पेटंट घेतले, पण इतर कारखान्यांना ते वापरायला मोकळे ठेवले. फर्ग्युसन-फोर्डची कोर्टबाजी आठवा आणि हे पाहा. ट्रॅक्टरवर कमरेचा पट्टा पुरतो. पण चौकट असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर माणूस चौकटीच्या बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट अंगावर येते. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नये. हे उलटसुलट वाटेल, पण दोन्ही मिळून एकच साधन आहे.

अमेरिका-युरोपला जाणारे आपलेच ट्रॅक्टर ही चौकट लावून जातात. आपल्या शिवारातल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ऊन लागू नये म्हणून पत्र्याचे छत आहे, चौकट नाही. छत म्हणजे चौकट नव्हे. ट्रॅक्टर उलटला की ते कागदासारखे चेपते. नवा ट्रॅक्टर घेताना चाचणी झालेली चौकट त्या मॉडेलला मिळते का, असे विक्रेत्याला विचारा. बागेसाठी दुमडणारी चौकटही असते. गॅरेजमध्ये पाइप वेल्ड करून घेतलेली चौकट नको. ती किती दाब सोसते हे कुणी पाहिलेले नसते.

नव्या गोष्टीही चालू आहेत. ट्रॅक्टर आणि औजारातले संगणक एकमेकांशी बोलावेत म्हणून आयएसओ ११७८३ हे मानक झाले. २००८ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून त्यासाठी एक संस्था काढली. तिच्या मेळाव्यांत हे इंजिनिअर आपापली यंत्रे घेऊन येतात आणि एकमेकांच्या तारांत तारा घालून बघतात. आपल्याकडे ते पोचायला वेळ आहे.

ग्रामसेवक, सरपंच आणि औजारे बँक चालवणाऱ्या गटांच्या अध्यक्षांना एक विनंती. दरपत्रक मागवताना नुसते ‘रोटाव्हेटर, सहा फुटी’ असे लिहू नका. जोडणीची कॅटेगरी, पीटीओचे फेरे आणि खाचा, शाफ्टवरची नळी हे तिन्ही लिहा, आणि अधिकृत संस्थेचा चाचणी अहवाल सोबत मागा. अनुदानाच्या यंत्राला तो लागतोच. तो फाइलला लावण्याआधी सभेत वाचा. माल गाडीवरून उतरवताना मिस्त्रीची पान्यांची पेटी जवळ ठेवा. २०-२२ च्या पान्याचे २२ चे तोंड खालच्या पिनेवर अचूक बसले तर कॅटेगरी एक. २५-२८ च्या पान्याचे २८ खाली आणि २५ वर बसले तर कॅटेगरी दोन. कुठलेच बसले नाही तर पोच पावतीवर सही करू नका, गाडी उभी ठेवा आणि आम्हाला पंचायत समितीत फोन करा.